दीड फुटांचे जोते, अठरा फुटांचा उतार

खेड्यातली कोणतीही सरकारी इमारत घ्या. काळ्या मातीचा मुलूख, पावसाळ्यात अंगणात पाणी साचणार, म्हणून जोते निदान दीड फूट उचललेले असते. दीड फूट म्हणजे सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या. धडधाकट माणसाच्या त्या लक्षातही येत नाहीत. चाकाच्या खुर्चीसाठी मात्र सर्वमान्य माप आहे एकास बारा: एक फूट वर जायचे तर बारा फूट लांबी. म्हणजे दीड फुटांच्या जोत्याला अठरा फूट उतार हवा, वर आणि खाली खुर्ची वळवायला पाच-पाच फूट सपाट जागा हवी, दोन्ही अंगांना कठडा हवा. प्रत्यक्षात पायऱ्यांच्या बाजूला उरलेल्या सहा फुटांत सिमेंटची घसरगुंडी ओतली जाते. तिचा चढ होतो एकास चार. खुर्ची आणि माणूस मिळून नव्वद किलो धरले, तर एकास बाराच्या उतारावर खुर्ची नुसती तोलून धरायला साडेसात किलोंचा जोर लागतो. एकास चारवर बावीस किलोंचा. पहिल्या उतारावरून माणूस आपल्या हातांच्या बळावर वर जातो. दुसऱ्यावर त्याला मागून ढकलणारा लागतो, आणि उतरताना तोंडावर आपटण्याची धास्ती वेगळीच. तरीही तपासणीच्या तक्त्यात ‘रॅम्प’ या रकान्यापुढे दोन्हींसाठी एकच शब्द पडतो: ‘आहे’. या लेखाचे सगळे भांडण त्या ‘आहे’शी आहे.

हे भांडण मांडायला बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातले तलवाडा हे योग्य ठिकाण आहे. त्वरितादेवीच्या ठाण्यामुळे ते ओळखले जाते, आणि स्वतःचे पोलीस ठाणे असल्यामुळे आजूबाजूच्या खेड्यांचा तिथे राबता असतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ यातली ‘सार्वजनिक इमारत’ची व्याख्या वाचली, तर तिच्यात हे सगळे गाव मावते. इमारत सरकारी असो की खासगी, सर्वसामान्य लोक तिचा वापर करत असतील तर ती सार्वजनिक; मग ती शिक्षणाची असो, उपचाराची, व्यापाराची, धार्मिक कार्याची किंवा कायदा राबवणाऱ्या यंत्रणेची. म्हणजे देवीचे देऊळ आणि फौजदाराची कचेरी, जिल्हा परिषदेची शाळा आणि बँकेची शाखा या सगळ्यांना एकच कायदा लागू. कायद्याने शहर आणि खेडे असा भेद केलेला नाही. भेद झाला तो पुढे. ३ डिसेंबर २०१५ रोजी सुरू झालेल्या सुगम्य भारत अभियानाने इमारतींच्या तपासणीसाठी सुरुवातीला निवडली ती पन्नास शहरे. २०११ च्या जनगणनेत मात्र देशातल्या २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींपैकी १ कोटी ८६ लाख खेड्यांत राहणाऱ्या होत्या. एकट्या महाराष्ट्रातली संख्या २९ लाख ६३ हजार. बहुतांश रुग्ण एका वाड्यात आणि दवाखाना दुसऱ्याच वाड्यात, असा हा प्रकार.

कायद्याची वाटचाल थोडक्यात सांगण्याजोगी आहे. १९९५ चा पहिला कायदा सात प्रकारचे अपंगत्व मानत होता आणि अडथळे काढण्याचे काम सरकारने ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ करावे असे म्हणत होता. सरकारची कुवत अशा कामात नेहमीच तोकडी पडते. दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या कराराला भारताने ऑक्टोबर २००७ मध्ये मान्यता दिली आणि त्या बांधिलकीतून २०१६ चा कायदा आला. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. अपंगत्वाचे प्रकार एकवीस झाले, आणि इमारतींबाबतची भाषा कडक झाली. कलम ४४ सांगते की सुगम्यतेचे नियम पाळलेले नसतील तर बांधकामाच्या नकाशाला परवानगी नाही आणि बांधून झाल्यावर पूर्णत्वाचा दाखला नाही. कलम ४५ सांगते की असलेल्या सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सुगम्य करा. नियम निघाले १५ जून २०१७ रोजी. म्हणजे ही मुदत जून २०२२ मध्येच उलटून गेली. त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमाकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रे, जिल्हा रुग्णालये, शाळा, रेल्वे स्थानके आणि बसथांबे यांचा अग्रक्रम ठरवून कृती आराखडा तयार करा आणि तो प्रसिद्ध करा, असा आदेश त्यात सरकारला आणि स्थानिक संस्थांना आहे. रेल्वे स्थानक आणि जिल्हा रुग्णालय वगळले, तर ही यादी खेड्याचीच यादी आहे.

मग अडले कुठे? पहिले अडले ते नियमाच्या भाषेत. २०१७ च्या नियमांतल्या नियम १५ ने इमारतींसाठी, बसगाड्यांसाठी, संकेतस्थळांसाठी वेगवेगळ्या मार्गदर्शक पुस्तिकांकडे बोट दाखवले. त्या पुस्तिका जाडजूड आहेत, चांगल्याही आहेत. पण त्यांच्या पानोपानी ‘असावे’, ‘शक्यतो असावे’, ‘असल्यास उत्तम’ अशी भाषा आहे. कायदा म्हणतो ‘केलेच पाहिजे’ आणि नियम म्हणतो ‘केल्यास बरे’; कंत्राटदार दुसऱ्याचेच ऐकणार. दृष्टिहीन याचिकाकर्ते राजीव रातुरी यांनी २००५ मध्ये दाखल केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी नेमकी हीच फट दाखवली. हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठातील अपंगत्व अभ्यास केंद्राचा अहवाल समोर ठेवून, निव्वळ शिफारशींवर उभा असलेला नियम १५(१) मूळ कायद्याशी विसंगत असल्याचे न्यायालयाने ठरवले. कधीच मोडता येणार नाहीत असे किमान नियम वेगळे काढा, त्यासाठी तीन महिने घ्या, आणि ते मोडणाऱ्यांचे पूर्णत्वाचे दाखले अडवा, दंड करा, असे आदेश दिले. या भेदाचे मोल अमेरिकेच्या उदाहरणावरून कळते. तिथल्या १९९० च्या कायद्याखालच्या मापांतही उतार एकास बाराच आहे. पण तिथे तो आकडा बंधनकारक असल्यामुळे वाद झाला की टेप लावून मोजता येते. आपल्याकडे टेप लावली तरी आकडा चुकल्याने काय बिघडते, हे ठरलेले नव्हते.

दुसरे अडले ते अधिक खोलवर, आणि माझ्या मते तलवाड्यासारख्या गावाच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे आहे. कलम ४४ चा सगळा डोलारा शहराच्या यंत्रणेवर उभा आहे. एक बिल्डर असतो, एक महापालिका असते. बिल्डर नकाशा घेऊन येतो, पालिका तो तपासते. शेवटी पूर्णत्वाचा दाखला अडवला की बिल्डरचा जीव टांगणीला लागतो, कारण त्याशिवाय सदनिका विकून मोकळे होता येत नाही. खेड्यात चित्र उलटे आहे. गावातल्या बहुतेक सार्वजनिक इमारती सरकारच बांधते: शाळाखोल्या आणि आरोग्य केंद्र जिल्हा परिषद, पोलीस ठाण्यासारख्या इमारती राज्य सरकारच्या यंत्रणा, सभामंडप आमदार निधीतून, ग्रामपंचायत भवन आणखी कुठल्या योजनेतून. बांधणारा आणि परवानगी देणारा एकाच घरचा. सरकारने सरकारचा दाखला अडवायचा कसा? दंडाचेही तेच. कलम ८९ प्रमाणे पहिल्या उल्लंघनाला दहा हजार रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येकाला पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत दंड आहे. पण एका खात्याने दुसऱ्या खात्याला दंड करायचा म्हणजे या खिशातले त्या खिशात. ज्या तरफेवर शहरातला कायदा हलतो, ती तरफ खेड्यात नाहीच.

मात्र खेड्यात दुसरी एक तरफ आहे आणि ती शहरातल्या तरफेपेक्षा बळकट आहे: देयक. गावातले प्रत्येक सरकारी बांधकाम अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि अंतिम देयक या वाटेने जाते. अभियंता मोजमाप पुस्तिकेत लांबी, रुंदी, खोली लिहितो तेव्हाच कंत्राटदाराला पैसे मिळतात. विटेच्या कामाची इंचाइंचाने मोजणी करणारी ही पुस्तिका उताराचा चढ मात्र विचारत नाही. तिथे काँक्रीट किती घनमीटर पडले एवढेच मोजले जाते. म्हणून माझे म्हणणे असे: खेड्यात सुगम्यतेचा नियम नकाशाला बांधून भागणार नाही, तो देयकाला बांधला पाहिजे. मोजमाप पुस्तिकेत उताराची उंची, लांबी, कठड्याची उंची, दरवाजाची मोकळी रुंदी आणि शौचालयात खुर्ची वळते का, हे रकाने यावेत, आणि ते भरल्याशिवाय अंतिम देयक निघू नये. त्याच्या जोडीला गावातल्याच दिव्यांग व्यक्तींनी इमारत एकदा वापरून पाहावी आणि त्यांच्या शेऱ्यावर ग्रामसभेत चर्चा व्हावी. ही काही हवेतली कल्पना नाही. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यात ग्रामसभेने कामांचे सामाजिक अंकेक्षण करावे हे कलम १७ मध्ये लिहिलेलेच होते. तीच रीत इमारतींना लावायची.

यावर पहिला आक्षेप पैशांचा. पण हिशेब मांडून पाहावा. अठरा फूट लांब आणि चार फूट रुंद उतार म्हणजे बहात्तर चौरस फूट. वीस बाय पंचवीसच्या एका वर्गखोलीच्या सातव्या हिश्श्याइतका, आणि तोही छप्पर, भिंती, खिडक्यांवाचून. दादर-परळला अठरा फूट मोकळी जागा मिळत नाही ही खरी अडचण आहे; खेड्यातल्या शाळेच्या अंगणात ती आहे. खर्च वाढतो तो आधी विसरून मागाहून जोडल्यामुळे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. इमारतीपासून वेगळा, उथळ पायावर ओतलेला उतार दोन-तीन पावसाळ्यांत जोत्यापासून सुटतो आणि मधे चाक अडकेल अशी फट पडते. तोच उतार मूळ पायाबरोबर धरला, किंवा अंगणातच मुरमाचा भराव घालून दारापर्यंतची वाट हळूहळू चढवत नेली, तर पायऱ्यांचीच गरज उरत नाही. शिवाय सरकारी इमारती नमुना नकाशांवरून बांधल्या जातात. एक नमुना नकाशा चुकला की जिल्हाभर चूक छापली जाते. तो एकदा सुधारला की नव्या प्रत्येक इमारतीत सुधारणा फुकट मिळते. ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावेत असे राज्याचे धोरण आहे, पण घरपट्टी-पाणीपट्टीच्या जिवावर चालणाऱ्या गावात ती रक्कम तुटपुंजी असते. त्या पाच टक्क्यांतून उतार बांधा असे म्हणणे म्हणजे बांधकाम खात्याची चूक दिव्यांगांच्या वाट्यातून दुरुस्त करणे होय.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे. ‘खेड्यात माणुसकी आहे, चार जण पुढे होतात, उचलून नेतात, तुमचा उतार शहरवाल्यांना लागतो.’ शहरातही उचलूनच नेतात, हे २०२३ मध्ये मुंबईत दिसले: विवाह नोंदणीचे कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, म्हणून चाकाच्या खुर्चीवरच्या एका नववधूला माणसांनी उचलून वर न्यावे लागले आणि त्यावर राज्यभर चर्चा झाली. पण बीड जिल्ह्यात या युक्तिवादाला एक खास उत्तर आहे. दसरा-दिवाळी झाली की इथल्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि असे कोयते पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जाऊन उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मागे राहतात म्हातारी माणसे, काही मुले आणि ज्यांना फडात उभे राहता येत नाही ते. ज्या चार जणांच्या भरवशावर उतार नको म्हणतो, ते चार जण वर्षातले कित्येक महिने गावात नसतात. आणि असले तरी, पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला जाणाऱ्या दिव्यांग बाईला ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच भावकीच्या खांद्यावरून जावे लागणार असेल, तर ती तक्रार पायरीशीच मिटते. मदत हवीच, पण मदतीवाचून दार ओलांडता येणे हा हक्क आहे, आणि मदतीला हक्काची जागा देता येत नाही.

तिसरा आक्षेप नव्या काळाचा: सेवाच घरी नेऊ, मग इमारतीची उठाठेव कशाला? महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभागाची घोषणा केली आणि पुढच्या वर्षी ‘दिव्यांगांच्या दारी’ ही मोहीमही फिरली. सेवा ऑनलाइन झाल्या, दाखले मोबाइलवर आले. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी हे वरदान आहे यात शंका नाही. परंतु कायदा दोन गोष्टी वेगळ्या मानतो आणि २०२४ च्या निकालाने तो भेद ठळक केला. सुगम्यता ही माणूस येण्याआधी, तो कोण असेल हे ठाऊक नसताना, सगळ्यांसाठी करून ठेवायची. वाजवी तजवीज ही विशिष्ट माणूस समोर आल्यावर त्याच्यापुरती करायची. दुसरी पहिलीच्या बदल्यात देता येत नाही. शाळेत, ग्रामसभेत, देवळात, बाजारात माणूस केवळ सेवा घ्यायला जात नाही. तो तिथे असतो, दिसतो, बोलतो. घरपोच सेवेवर सगळे भागवले तर गावातला दिव्यांग यादीत राहतो आणि चावडीवरून नाहीसा होतो.

शिवाय ऑनलाइनलाही पायऱ्या असतात. दृष्टिहीन माणूस मोबाइल वापरतो तो स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आधाराने. हे सॉफ्टवेअर अक्षराचा आकार पाहत नाही, त्यामागचा संकेत वाचते. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण आत इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात, त्यामुळे कानावर पडते ती निरर्थक बडबड. युनिकोडमुळे हे दुखणे बरे झाले. तरी सही-शिक्क्याचा कागद स्कॅन करून टाकला की तो पुन्हा नुसते चित्र होतो, आणि चित्र वाचता येत नाही. अर्जाच्या शेवटी वेडीवाकडी अक्षरे ओळखायला सांगणारा चौकोन हा तर उघड उंबरठाच. सरकारी संकेतस्थळांसाठी २००९ पासून मार्गदर्शक तत्त्वे आहेत, त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली, भारतीय मानक आयएस १७८०२ आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून प्रकरणात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. ओळख पटवण्यासाठी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावायला सांगणारी पद्धत ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांना आणि अंधांना कशी बाहेर ठेवते, हा त्यातला मुद्दा होता. गावपातळीवर याचे रूप अगदी साधे आहे. ग्रामसभेची सूचना गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो म्हणून पडते. अंधाला ती कळत नाही. पूर्वीची दवंडी अंधाला ऐकू येई पण बहिऱ्याला नाही. चावडीवरचा फळा बहिऱ्याला दिसे पण अंधाला नाही. दोन्ही असले की कुणीच सुटत नसे. टंकलेली सूचना आणि सोबत तिचाच आवाजी निरोप, एवढे केले तरी ग्रामपंचायतीने निम्मे मानक पाळले असे म्हणता येईल, आणि त्याला खर्च शून्य.

चौथा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. इमारत सुधारली तरी रस्त्यावर चिखल, एसटीची पहिली पायरी गुडघ्याइतकी उंच, अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी जायचे बीडला. मग एका उताराने काय साधणार? हे खरे आहे की सुगम्यता साखळीसारखी असते आणि तिचे बळ तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकेच. एसटी दिव्यांगांना भाड्यात पंचाहत्तर टक्के सवलत देते, पण सवलत तिकिटात आहे, पायरीत नाही. १ मार्च २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या दुरुस्तीने बसमध्ये राखीव आसने, कुबड्या ठेवण्याची सोय, खुर्ची चढवण्याची आणि अडकवून ठेवण्याची व्यवस्था मागितली आहे. जुन्या गाड्या बदलायला मात्र वेळ लागणार. या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष ‘म्हणून काहीच करू नका’ हा नसून ‘आधी काय करायचे ते ठरवा’ हा आहे. घरापासून शाळा, घरापासून आरोग्य केंद्र, घरापासून एसटीचा थांबा, या तीन वाटा आधी सलग कराव्यात. कलम ४५ ची यादी नेमके तेच सांगते. टेकडीवरच्या देवळाचा प्रश्न अवघड आहे, तिथे चढाचे गणित अठरा फुटांत सुटणारे नाही. तो नंतर घ्यावा. ज्या दारात मूल रोज जाते ते दार आधी. शिक्षण हक्क कायद्याच्या २००९ च्या परिशिष्टातच शाळेला अडथळामुक्त प्रवेश हवा असे लिहिले आहे, आणि दरवर्षी शाळांची माहिती भरताना उतार आहे का, कठडा आहे का, असे प्रश्न विचारलेही जातात. उत्तर मात्र हो किंवा नाही. चढ किती, हे विचारायचे राहून गेले.

हे जमण्याजोगे आहे याचा पुरावा दर निवडणुकीला गावासमोर येतो. मतदान केंद्र बहुधा शाळेतच असते, आणि निवडणूक आयोगाच्या किमान सुविधांच्या यादीत उतार असल्यामुळे, तो नसेल तिथे तात्पुरता तरी लावावा लागतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत तर पंच्याऐंशी वर्षांवरील आणि चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मतदारांना घरून मत देण्याची मुभा देशभर मिळाली. त्या एका दिवसासाठी यंत्रणेला माणसांची यादी ठाऊक असते, जबाबदार अधिकारी ठरलेला असतो आणि हलगर्जीपणा केला तर कारवाई होणार हेही ठरलेले असते. दुसऱ्या दिवशी तात्पुरता उतार उचलला जातो आणि त्याच खोलीत वर्ग भरतो. अठरा वर्षांच्या मतदाराला एका दिवसासाठी जे मिळाले ते सहा वर्षांच्या विद्यार्थ्याला दोनशे दिवसांसाठी मिळत नाही, कारण त्याच्या बाजूने कुणाचे देयक अडलेले नसते. तलवाड्यात किंवा शेजारच्या कुठल्याही गावात पुढची शाळाखोली बांधून होईल, अभियंता मोजमाप पुस्तिका उघडेल. तेव्हा त्या पानावर ‘उतार: उंची, लांबी’ असे दोन कोरे रकाने छापलेले असावेत आणि ते भरायला त्याला दारात वाकून टेप लावावी लागावी, इतकीच ही मागणी आहे.